बँडेजच्या आत मीच आहे

ती. मावशीस,

पट्टीबंद हातांनी केलेला साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं सध्या बँडेजमध्ये आहेत, उरलेल्या दोनांवर गोड मानून घे.) अक्षर पाहून काळजात धस्स होऊ देऊ नकोस. मला काहीही झालेलं नाही. परवाच्या भागात जिन्यावरून गडगडत आली ती मी नव्हतेच, माझे कपडे घातलेली एक पडण्यात तरबेज मुलगी होती. पडून झाल्यावर ती कपडे झटकून चहा प्यायला गेली आणि तिच्या जागी मला झोपवलं. हाताला प्लास्टर आहे तेही खोटं. फक्त बोटांची टोकं बाहेर ठेवलीत, त्यांच्यात पेन धरून हे लिहिते आहे. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढतेस का अजून हट्टाने? काकांची तब्येत ठीक ना? त्यांना झोप लागते का? (हा प्रश्न आपला सहज विचारला आहे. पुढच्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नाही.)

तुला माहीतच आहे, या धंद्यात मी सुट्या भागांनी शिरले. आधी माझे नुसते हात घेतले, भांड्यांच्या साबणासाठी. मग केस, तेही पाठमोरे. मग मान. आणि मग ते भेगांवरचं मलम! त्या जाहिरातीत 'आधी'ची टाच माझी होती आणि 'नंतर'ची कुणा दुसरीचीच, हे मला फलक लागल्यावर चौकात उभी असताना कळलं. आईने महिनाभर त्या रस्त्याने जाणं सोडलं. तू मात्र बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला हलवून सांगितलंस, "ती टाच बघा, आमच्या घरातली आहे." तेव्हापासून मला घरात नाव पडलं ते पडलंच. मी मॉडेल आहे असं सांगितलं की लोक माझ्याकडे नीट बघून म्हणायचे, तुम्हाला कुठे पाहिल्यासारखं वाटत नाही. बरोबरच होतं त्यांचं. पाहिलं होतं, पण मानेच्या खाली नाहीतर मागून.

म्हणून ही मालिका मिळाली तेव्हा मी हरखले. धाकटी सून, दुष्ट, घर फोडणारी; पण चेहऱ्यासकट! पहिल्या महिन्यातच बाजारात एका बाईंनी माझ्यावर भोपळा उगारला. "सासूला घराबाहेर काढतेस होय गं सटवे?" मी भोपळा चुकवला आणि घरी येऊन आनंदाने रडले. कारण त्या बाईंनी मला तोंडावरून ओळखलं होतं.

आता मुख्य भानगड. आमच्या मालिकेतल्या सासूबाई म्हणजे फार मोठं प्रस्थ. (खऱ्या आयुष्यात त्यांना सून नाही. त्यामुळे सगळा जोर आमच्यावर.) त्यांचा मान असा की त्या आल्या की पंखासुद्धा हळू फिरतो. डोळ्यांत ग्लिसरीन घालून रडणाऱ्यांना त्या माणसांत धरत नाहीत. स्वतः खरंखुरं रडतात, आणि एकदाच. दुसरा टेक मागायची दिग्दर्शकाची छाती नाही. तर मी जिन्यावरून पडून कोमात गेले. बाकीच्या नट्या कोमाला नाकं मुरडतात, मला मात्र तो मनापासून मानवला. मऊ गादी, गार हवा, एक वाक्य पाठ करायचं नाही. सासूबाई पलंगाशी बसून पानंच्या पानं बोलत होत्या, आवाज जरा जरा भरून येत होता, ऐकता ऐकता मला इतकं शांत वाटलं म्हणून सांगू! त्यांचा अश्रू गालावर उतरला, त्या म्हणाल्या, "मी तुला माफ केलं, पोरी," आणि 'पोरी'वर मी घोरले.

साधंसुधं नाही. साउंडवाले दादा कानांवरचं यंत्र काढून उभे राहिले. सासूबाईंचा अश्रू अर्ध्या गालावर थबकला. मी जागी झाले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी कोमात असल्यामुळे मला माफीही मागता येईना. मागाहून मागितली, तर बाई म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाचा आवाज असा नसतो. माझा प्रवेश पाडायला हा मुद्दाम काढलेला आवाज आहे." आणि निर्मात्याला त्यांनी निक्षून सांगितलं, या मालिकेत एक तर ही राहील, नाहीतर मी.

निर्माते म्हणजे साप मरावा पण काठी मोडू नये या पंथाचे. त्यांनी ठरवलं, जिन्यावरून पडताना माझ्या तोंडालाही इजा झाली. म्हणून हे बँडेज. ते सुटेल तेव्हा ऑपरेशन करून चेहरा बदललेला असेल, म्हणजे आतून दुसरीच बाई निघेल! सून तीच, नाव तेच, दुष्टपणा तोच, फक्त मी नाही. ती दुसरी येऊन बघूनही गेली. गोड आहे मेली. माझ्याजवळ बसून मी रागाने भुवई कशी उडवते ते शिकून घेत होती, आणि मी बँडेजच्या आतून उडवून दाखवत होते. शिवाय लांबच्या शॉटसाठी कापूस भरून, वर असंच बँडेज गुंडाळून माझ्या मापाचा एक पुतळाही शिवून आणलाय. तो माझ्यापेक्षा चांगलं काम करतो असं सगळ्यांचं मत आहे. घोरत नाही ना!

उद्या संध्याकाळी बँडेज सोडायचा प्रवेश आहे. सासूबाई स्वतःच्या हाताने ते उलगडणार. लेखकाने दोन्ही प्रवेश लिहून ठेवलेत, आत मी असेन तर एक आणि ती असेल तर दुसरा. सासूबाई एकदा 'राहू दे' म्हणाल्या तर मी, नाहीतर ती. थट्टा बाजूला ठेवून सांगते मावशी, मला भीती वाटते. हात, केस, टाच सगळं देऊन झालं. एवढ्या वर्षांनी कुठे तोंड वर काढलं होतं, ते असं गुंडाळून दुसरीला द्यायचं माझ्या जिवावर आलंय.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी. काकांना नमस्कार.

तुझी,
टाच

ता. क. : अगं, एक बारीकसं काम राहिलंच. तू उद्या सकाळच्या गाडीने येशील का? (पत्र आज रात्रीच ड्रायव्हरच्या हाती पाठवते आहे.) सासूबाईंना मी दुपारच्या जेवणाला बोलावणार आहे. तू काही बोलायचं नाहीस, माझी रदबदली करायची नाहीस. फक्त पोटभर जेव, आणि जेवल्यावर नेहमीसारखी दिवाणावर जरा पड. बस, एवढंच. (राग मानू नकोस. घरात आजवर हे तुला कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही. कुणी सूचना केलीच तर तू म्हणतेस, "मी झोपले नव्हते, नुसती डोळे मिटून पडले होते," आणि आम्ही मान डोलावतो. पण मावशी, ही आपल्या घराण्याची गायकी आहे. मी लहानपणी तुझ्या कुशीत तिची तालीम घेतली. एकदा बाईंनी मूळ गुरूचा आवाज ऐकला की माझा मुद्दामचा नाही हे त्यांना पटेल.) काकांना मी फोनवर विचारलं. ते तयार आहेत. त्यांनी तुझी बॅग भरायलाही घेतली आहे.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात आक्रीत घडलं. मी सेटवरच्या माझ्या खोलीत पलंगावर बँडेजसकट आडवी होते. सासूबाईंच्या खोलीतलं गार हवेचं यंत्र बिघडलं म्हणून त्या आत आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी म्हणजे तो कापसाचा पुतळा असं समजून खुशाल समोरच्या सोफ्यावर कलंडल्या. मी श्वास रोखून पडून राहिले. त्या पुतळ्याला, म्हणजे मला, म्हणाल्या, "तू बरा आहेस बाबा. ती पोरगी काम चांगलं करत होती, पण घात केलान." आणि मग, मावशी, काय सांगू! तुझी शपथ, तुझ्याच तोडीचं! सुरुवातीला बारीक शीळ, मग करवत, मग मधेच सगळं थांबून आपल्याला काळजी वाटायला लावायची, आणि मग एकदम दणका. आणि पदराला लावलेला माइक त्या बंद करायला विसरल्या होत्या. सगळ्या सेटवर ऐकू गेलं.

दिग्दर्शक तणतणत आत आले, "पुन्हा घोरलीस?" म्हणून माझ्यावर ओरडले. मी ताडकन उठून बसले. आवाज चालूच राहिला. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्या ओरडण्याने सासूबाई जाग्या झाल्या, समोर पुतळा उठून बसलेला पाहिला आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती मालिकेत घेता आली असती तर बरं झालं असतं. दारात निर्मात्यासकट सगळं युनिट जमलं होतं. बाई ताठ बसल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "मी झोपले नव्हते. नुसती डोळे मिटून पडले होते."

मी म्हटलं, "हो ना. त्या दिवशी मीसुद्धा."

त्यांनी पुढे वाकून मला निरखलं. (बँडेजमधून माझे फक्त डोळेच दिसतात, ते मी होतील तेवढे भाबडे केले.) मग निर्मात्याकडे वळून म्हणाल्या, "राहू दे हिला. मुलगी खरं बोलते आहे."

तेव्हा मावशी, उद्या बँडेजमधून मीच निघणार! टीव्हीवर तो भाग लागला की बघायला विसरू नकोस, आणि बसमधल्या बायकांना आता टाच नको, तोंड दाखव. वरची सगळी दुरुक्ती पोटात घाल आणि हे पत्र फाडून टाक. पण येण्याचं मात्र रद्द करू नकोस. काकांची चार दिवसांच्या झोपेची तयारी झाली आहे, त्यांचं मन मोडवत नाही. शिवाय सासूबाईंना आमंत्रण दिलंय, त्या जेवायला येणारच आहेत. दिवाण दोन टाकून ठेवते. जेवण झालं की दोघी निवांत डोळे मिटून पडा.