डाव्या बाजूचा डाग

सांगली, ३ फेब्रुवारी २०२४

ती. गोदावरीआत्यास,
वल्लरीचा सा. न.

फोन केला असता तर बाबांच्या कानावर गेलं असतं, म्हणून पत्र. माळ्यावरून तुझा ॲम्प्लिफायर खाली काढलाय! बाबांच्या लग्नात तू स्वतः जोडून दिलेला. झाकणाच्या आत पेन्सिलीने ‘गोदावरी, सातारा’ लिहिलंय.

पुष्करदादाच्या मुंजीत ऐन मंगलाष्टकांत याची डावी बाजू मुकी झाली. हिचं काम कच्चंच, असं बाबा चारचौघांत म्हणाले. मी दहा वर्षांची होते, पण तुझा चेहरा आठवतो. महिन्याभरात तू रेडिओदुरुस्तीचं दुकान बंद केलंस. तेव्हापासून तुम्हा भावंडांचं बोलणं हवापाण्यापुढे जात नाही.

उजवीकडे सुरेख आवाज येतो, डावीकडे नुसती खरखर. मी शाळेत विज्ञान शिकवते खरी, पण हे पुस्तकातलं नाही. कुठून सुरुवात करू? लवकर लिही, मला धीर नाही.

तुझी लाडकी,
वल्लरी


सातारा, ७ फेब्रुवारी

चि. वल्लरीस अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं, तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली.

आधी दोन्ही स्पीकर अदलाबदल कर. मुकेपणा उजवीकडे गेला तर स्पीकर बिघडलाय. डावीकडेच राहिला तर गाणं आत नेणाऱ्या दोन वायरी आपसात बदलून बघ. तरीही तसंच असेल तर दोष पोटात आहे. मग प्लग काढून अर्धा तास थांब. मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मला एकदा तिने स्टुलावरून पाडलं होतं. भिंगातून कथिलाने जोडलेला एकेक डाग तपास. माझे डाग चकचकीत असायचे. मग पुन्हा चालू करून, एक हात पाठीमागे ठेवून, सुक्या लाकडी काडीने हळूच टिचक्या मार. जिथे आवाज दचकेल तिथे रोग.

चूक माझी निघाली तरी लपवू नकोस. अठ्ठावीस वर्षं मला तेवढंच हवंय.

जपून काम करावं, ही विनंती.
गोदावरीआत्या


सांगली, १३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

सापडलं! स्पीकर बदलले, वायरी बदलल्या, मुकेपणा डावीकडेच. भिंगातून पाहिलं तर तुझे सगळे डाग आरशासारखे. फक्त डाव्या बाजूच्या मोठ्या कपॅसिटरच्या पायाशी एक राखाडी, ओबडधोबड गोळा. पुन्हा चालू करून तिथे काडीने टिचकी मारली आणि खोली दणाणली. प्लग काढून, थांबून तो डाग पुन्हा दिला. तिसऱ्या वेळी जमला. दोन्ही बाजू अशा वाजल्या की मी एकटीच नाचले.

बाबा धावत आले. मी सगळं सांगितलं आणि तो गोळा कुणाचा, असं विचारलं. ते खुर्चीत बसले. त्या गोळ्याकडे बघत म्हणाले, “तो डाग माझा आहे.”

मुंजीच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातून हा ॲम्प्लिफायर पडला, आत कपॅसिटरचा पाय निसटला. तू रागावशील म्हणून त्यांनी स्वतःच डाग दिला. मांडवात आवाज गेला तेव्हा घाबरून तुझं नाव घेतलं. पुढे दरवर्षी सांगणं अवघड होत गेलं.

रविवारच्या एसटीने ते तुझ्याकडे निघालेत. पत्र आधी पोचो.

तुझ्या रागावरही माया असलेली,
वल्लरी


सातारा, २१ फेब्रुवारी

चि. वल्लरीस अ. उ. आ.

पत्र आधी पोचलं. त्या दिवशी मी रडले, आणि मग खूप चिडले.

रविवारी तुझा बाबा गंगाधर दारातच उभा राहिला आणि न बसता सगळं बोलला. मी लगेच माफ केलं नाही. आधी पाणी दिलं, मग माझी गेलेली वर्षं एकेक करून ऐकवली. त्याने मान खाली घालून ऐकली. मग दोघांनी मिळून पिठलं-भाकरी केली.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बनुबाई जुना टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. संध्याकाळी तो बोलू लागला. आता वडूजहून एकजण रेडिओ आणतोय.

तुझ्या बाबाची इतक्यात वाट पाहू नकोस. तो अंगणात बसून दुकानाची पाटी रंगवतोय. अक्षरं वाकडी येतायत. पण मी त्यांना कच्ची म्हणत नाही.

सुट्टीत ये, ही आज्ञा.
तुझी आत्या