ओढ्यापलीकडची कोंबडी

करांगवुनी
रविवार, पाहिंगच्या बाजाराचा दिवस

चि. पर्तिनी,

तुझ्या सिंबोकचा, या आईचा, आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. सोयाबीनचं टेंपे बाजारात खपतंय, कौलं परतून झाली, माझा गुडघा कुरकुरतो तसा कुरकुरतोय. तू सांभाळतेस ती तायपेची म्हातारी नीट जेवते का? तिच्या सुपात आलं घाल, शिव्या कमी देईल. शेजारची सुपिया सुट्टी संपवून तिकडे निघालीय, तिच्या हाती हे पत्र देते. त्या दिवशी बोलता बोलता तू फोन ठेवलास, तेव्हापासून उचलत नाहीस. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझी लेक नांती आता बालवाडीत जाते. मला वाटलं होतं, पोरं बसवून बडबडगाणी म्हणायची, यात कसलं शिकवणं? म्हणून एकदा कुंपणाशी उभी राहून बघितलं. बाई पोरांकडून फणसाची पानं गोळा करवते. पान दुमडून हिराच्या काडीनं टाचलं, की झाली कोंबडी. केळीच्या सोपटाचा ओढा. मग गाणं, तेही तिनंच जुळवलेलं:

कोंबडी गेली ओढ्यापार,
पिल्लं बसली धरून दार.
ये गं आई, ये घरी,
दाणे सांडलेत अंगणभरी.

सगळ्या पोरांनी आपापली कोंबडी अंगणात आणून ठेवली. नांतीनं मात्र ओढ्यापलीकडेच ठेवली, अन् कुणाला हलवू देईना. दुसरी बाई असती तर चूक म्हणाली असती. हिनं केळीचा दोरा सोलला, कोंबडीच्या गळ्यात बांधला आणि दुसरं टोक पोरीच्या हातात दिलं. "ओढ. पण गाणं म्हणत ओढ, नाहीतर ती यायची नाही."

तू गेल्यापासून शब्दाशब्दाला अडणारी पोरगी, तिनं अख्खं गाणं म्हटलं. एकदाही अडली नाही. मी कुणाला सहजी चांगलं म्हणत नाही, तुला ठाऊक आहे. पण त्या बाईच्या बोटांत गुण आहे. पोरांची आई कुठंय, हे तिला पानावरून कळतं.

आता फोनचं. नांती दुसऱ्याच कुणाला "इबू" म्हणाली, असं तुला वाटलं. आमच्या काळी आई ती सिंबोक आणि शाळेतली बाई ती इबू. तुम्ही शिकलेल्यांनी आईलाही इबू करून ठेवलं, मग असंच व्हायचं. नांतीनं तुला आजवर अडखळतच हाक मारली. म्हणून ही स्वच्छ हाक तुला तुझी वाटली नाही. फोनवर बोलताना तिच्या हातात ती पानाची कोंबडी होती. तुलाच मारली होती ती हाक, खुळे.

मागून "शाब्बास" कोण म्हणालं, असं तू विचारलंस. मी म्हटलं, आवाज तुटतोय. काही तुटत नव्हता. नांतीला घरी सोडायला बाई आली होती. ती बाई म्हणजे वुलान. हो, तीच. तुझ्या गुनावाननं तुला सोडून जिच्याशी निकाह लावला, ती.

बालवाडीच्या पहिल्या दिवशीच मी खराटा हातात घेऊन तिला विचारलं होतं, "नवरा घेतलास, आता पोरगीपण पाहिजे का?"

मान खाली घालून म्हणाली, "म्बाह आजी, पोरगी पर्तिनीताईंचीच. आईशी बोलताना तिची जीभ अडू नये, एवढंच बघते. माझं नाव सांगू नका. फोन ठेवून देतील."

बघ, तुला तिनं बरोबर ओळखलं.

तुझा राग तू ठेव. मीही ठेवलाय, तिच्या घरचा चहा अजून तोंडाला लावलेला नाही. पण नांतीला तिथून काढ म्हणू नकोस. म्हणालीस तर काढीन, आई तू आहेस. फक्त आधी एकदा नीट ऐक.

येत्या रविवारी मगरिबच्या नमाजानंतर फोन करते. उचल. नांती दोरा ओढत असेल. हाक तुझीच असेल, ओ दे.

मी काही वाट बघत बसत नाही. दाणे तेवढे टाकून ठेवलेत.

सिंबोक