घाई कुणी केली

प्रिय टकळे,

हे पाकीट बुधवारी तुझ्या हातात पडेल. आपला औषधवाला दर बुधवारी माल आणायला तुमच्या शहरात येतो, त्याला बजावून ठेवलंय की तुझ्याच हातात द्यायचं, खालच्या पहारेकऱ्याकडे नाही आणि तुझ्या साहेबाकडे तर मुळीच नाही. एवढं काय आहे त्यात, असं तो विचारत होता, तर मी म्हटलं, मुलीसाठी स्थळाचा फोटो आहे. तेव्हा तो तुझ्याकडे बघून गालात हसला तर चिडू नकोस.

फोन का नाही केला म्हणशील. तूच सांगितलंस ना, आई, फोनवर लिहिलेलं पुसलं तरी पुसलं जात नाही. आणि बोलायचं म्हटलं तर तू बोलू कुठे देतेस? माझं पहिलं वाक्य संपायच्या आत 'थांब, दुसरा फोन येतोय'. कागदाला दुसरा फोन येत नाही. तेव्हा दार लावून बस आणि ओळीने वाच. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघायचीस, तसं आज करायचं नाही.

रविवारी तुझा फोन आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. दोनदा दूध उतू गेलं. तू म्हणालीस, आई, सापडला एकदाचा, तो नेटवर कंपनीला छळणारा जाड भिंग सापडला. दुसऱ्या कुकर कंपनीचा पगारी माणूस आहे, आणि गुरुवारी अकरा वाजता सगळ्या पत्रकारांसमोर मी तसं जाहीर करणार आहे. मी विचारलं, पुरावा काय? तू म्हणालीस, साहेबांनी सांगितलंय. मी विचारलं, मग साहेबच का नाही सांगत? तर साहेब त्या दिवशी दौऱ्यावर. आणि कागदाखाली सही कुणाची? तुझी. एवढं सांगून तू हसलीस. टकळे, खोटं बोलताना तुला आधी हसू येतं. पाटी फोडून आलीस तेव्हाही अशीच हसली होतीस, आणि पाटीचा तुकडा तुझ्याच दप्तरात होता.

ही नोकरी तुला लागली तेव्हा मी विचारलं होतं, जनसंपर्क म्हणजे नक्की काय गं? तू म्हणालीस, कंपनीबद्दल लोकांना चांगलं वाटत राहावं हे बघायचं. मी म्हटलं, म्हणजे लग्नातली करवली. मिरवायचं हिने, आणि जेवण कमी पडलं की बोलणीही हिनेच खायची. तुझे बाबा तेव्हा होते. ते हसत राहिले आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पण मला तुझं कौतुक होतं, आहे. सुरुवातीला तू वर्तमानपत्रांसाठी चार-चार पानांची पत्रकं लिहायचीस. मग म्हणालीस, आता चार ओळी पुरे. मग लोक वाचतच नाहीत, फोटो हवा. मग फोटोही नको, व्हिडिओ. आधी आडवा, मग उभा. मग एक मिनिटाचा, मग पंधरा सेकंदांचा. मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी तुम्हाला नुसतं शिंकायला सांगतील. दर सहा महिन्यांनी कुठला ना कुठला नियम बदलायचा आणि तू पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचीस. तुझ्या हाताखाली आलेली पोरं तुझ्यापेक्षा जास्त जाणतात या भीतीने तू जेवताना मांडीवर फोन ठेवून शिकायचीस. ते मी बघितलंय. म्हणून ही खुर्ची गमावायची तुला किती भीती आहे तेही मला ठाऊक आहे.

सगळं बदललं, पण एक गोष्ट तू बदलली नाहीस. काहीही बाहेर जायच्या आधी फोन करून मला वाचून दाखवायचीस. सातवी शिकलेल्या बाईला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल. तुझ्या ऑफिसात माझं नाव 'चाळणी' आहे म्हणे. मला वाईट वाटलेलं नाही, चाळणीशिवाय पिठाचं काही खरं नसतं. एकदा तू 'ग्राहककेंद्री दृष्टिकोन' असं वाचलंस आणि मी विचारलं, हे डोळ्यांच्या दवाखान्याचं आहे का? तू ते काढलंस. साहेबाने तुझी पाठ थोपटली, माझी कुणी थोपटली नाही.

तुला ती दोन वर्षांपूर्वीची सुट्टी आठवते का? नवा कुकर बाजारात आला होता आणि त्याच्या जाहिरातीखाली कुत्रं फिरकत नव्हतं. साहेबाने फर्मान काढलं, लोकांचं कौतुक दिसलं पाहिजे. लोक काही कौतुक करेनात, तेव्हा तू वैतागून माझ्या फोनवर सात खाती उघडलीस. सुखी स्वयंपाकघर, समाधानी गृहिणी, अजून कोण कोण बाया. नावं तू ठेवलीस, वहीच्या पानावर सातही नावं तुझ्या अक्षरात लिहून साहेबाच्या फायलीत लावलीस, मजकूरही तुझाच. मी नुसतं पाठवायचं. दुधाला उकळी येईपर्यंत मी सात बायका होऊन तुमच्या कुकरची तारीफ करायचे. एका समाधानी गृहिणीच्या शिट्टीबद्दल दुसरी विचारायची आणि तिसरी उत्तर द्यायची. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. नाव बदलायचं बटण कुठे असतं, पुसायचं कुठे असतं, सगळं तूच दाखवलंस. मग पुन्हा नियम बदलले, खोटी खाती हाकलायला लागले, त्यात सहा गेली. सातवं राहिलं. तू विसरलीस, तुझ्यामागे कामं थोडी का असतात.

आता जे सांगणार आहे ते मी तुला तीन महिने सांगितलेलं नाही. आपल्या शेजारची शिवणवाली मावशी. तुझे शाळेचे झगे तीच शिवायची, खाली चार बोटं दुमड जास्तीची ठेवून, पोर उंच होणार म्हणून. तिचा उजवा हात भाजलाय. मनगटापासून खाली, आणि दोन बोटं आता वळत नाहीत. कात्री धरता येत नाही. मशीनवर तिने कापड झाकून ठेवलंय आणि त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी रचलीय. तुला मी सांगत राहिले की मावशी बरी आहे, सुनेकडे गेलीय. तुमच्या त्या नव्या कुकरने भाजलं. मीच तिला तो घ्यायला लावला होता, मुलीच्या कंपनीचा आहे म्हणून.

मी तिथे होते, टकळे. दारात बसून बटणं टाचत होते. तिने बटाटे लावले होते. शिट्टी व्हायची तेवढा वेळ होऊन गेला तरी शिट्टी नाही, म्हणून मी म्हटलंसुद्धा, आज तुझा कुकर रुसलाय. ती माझ्याकडे बघून हसली, गॅसकडे पाठ करून सुईत दोरा ओवत होती. झाकणाला तिचा हात लागला नव्हता. ते आपलं आपण उडालं. आवाज एवढा झाला की समोरचा औषधवाला धावत आला. मग तुमच्या कंपनीचा माणूस आला, कुकर तपासायला म्हणून घेऊन गेला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही.

पंधरा दिवसांनी तू मला एक निवेदन वाचून दाखवलंस. मी तांदूळ निवडत होते. चार ठिकाणी असं झालं आहे, चारही वेळा वापरणाऱ्यांनी घाईने झाकण उघडल्याचं दिसून आलं आहे. त्यात ना गाव, ना नाव. तुझ्यासमोरही नुसते चार आकडे होते, हे मला ठाऊक आहे. माझ्या डोक्यात मावशी आली नाही. मावशीने कुठे झाकण उघडलं होतं? मला वाटलं, असतील कुठल्या चार धांदरट बाया. मी म्हटलं, छान, एकदम कळलं, एकही शब्द बदलू नकोस. हेच माझे शब्द. चाळणीतून खडा गेला आणि मला खडखडलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी वर्तमानपत्र डाव्या हातात धरून आली. म्हणाली, आपल्या कुकरबद्दल काहीतरी आलंय, वाचून दाखव. मी वाचलं. तेच वाक्य, तसंच्या तसं. वाचून झाल्यावर ती पायरीवर टेकली आणि म्हणाली, मी घाई केली का गं? तू होतीस ना तिथे.

त्यानंतर दोन दिवसांनी त्या जाड भिंगाने तुमच्या निवेदनाखाली प्रश्न विचारला. शिट्टी झाली नव्हती, झाकणाला हात लागला नव्हता, मग घाई कुणी केली? तू मला तो फोनवर वाचून दाखवलास. म्हणालीस, आई, कोण आहे कुणास ठाऊक, पण लिहायला पक्का आहे, अख्खं ऑफिस तेच वाचत बसलंय. माझा तवा गॅसवर जळत होता आणि मी वेड्यासारखी खूश झाले. मला वाटलं, आता दोन दिवसांत कंपनी उत्तर देईल, कुकर परत घेईल, मावशीच्या दारात कुणीतरी येईल. झालं काय? चाळीस हजार लोकांनी तो प्रश्न पुढे पाठवला, बाकीच्या तिघींची माणसंही त्याखाली लिहायला लागली, आणि तुमच्या ऑफिसात अकरा जण बसवले ते उत्तर शोधायला नाही, विचारणारा शोधायला. तुझा आवाज दिवसेंदिवस बसत गेला. तू म्हणायचीस, आई, हा माणूस माझी नोकरी खाणार. मी इकडे म्हणायचे, जेवलीस का?

जाड भिंग हे नाव कुठून आलं, तेही सांगते. लग्नानंतर पहिलं वर्षभर तुझे बाबा मला त्या नावाने हाक मारायचे. माझा चष्मा तेव्हाही एवढाच होता. मग तू झालीस आणि मी सगळ्यांचीच आई झाले, त्यांचीसुद्धा. त्यामुळे ती हाक तुझ्या कानावर कधी पडली नाही. पण 'घाई कुणी केली' हे तर पडलं होतं? शाईची दौत सांडली, जिन्यावरून पडलीस, कपभर चहा वहीवर ओतलास, दर वेळी मी काय विचारायचे? मला वाटलं होतं, तू एकदा वाचशील आणि ओळखशील. खूप वाट बघितली. नंतर भीती वाटायला लागली की ओळखशील.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हा सगळा कागद काळा केला. मागच्या महिन्यात तूच एका दमात दहा नवे नियम सांगितलेस, त्यातला एक मी धरून ठेवला. या शुक्रवारपासून कुणाच्याही खात्यावर बोट ठेवलं की त्याची जुनी नावं आणि जुनं बोलणं दिसणार. म्हणजे गुरुवारी तू सांगणार की हा दुसऱ्या कंपनीचा पगारी माणूस, आणि शुक्रवारी अख्ख्या जगाला दिसणार की हा पूर्वी समाधानी गृहिणी होता आणि तुमच्याच कुकरची आरती ओवाळत होता. साहेब फायलीतलं ते पान काढेल, अक्षर तुझं आहे, आणि तो दौऱ्यावरच राहील. ते खातं पुसायला दोनदा बोट नेलं मी. पुसलं तर तू सुटशील असं वाटलं, पण मग मावशीचा प्रश्नही पुसला जाईल, आणि मी तिला तोंड कसं दाखवू? म्हणून गुरुवारी सकाळच्या गाडीने मी आणि मावशी येतोय, दुसऱ्या रांगेत बसू. खुर्चीवर बसून तू काय बोलायचं ते तुझं तू ठरव, आणि खुर्ची गेली तर घर इथेच आहे, चावी शेजारी नाही, माझ्याच कमरेला आहे. तू काही बोलली नाहीस तर मी उठून बोलणार. इतकी वर्षं तू वाचलंस आणि मी चाळलं, आज मी लिहिलंय, तू चाळ. हे असं आहे: 'तो प्रश्न मी विचारला. मी तिथे होते. हिने घाई केली नाही. माझ्या मुलीने लिहिलेलं चुकीचं वाक्य मीच बरोबर म्हटलं होतं, ती माझी चूक.' एखादा शब्द कळत नसेल तर कळव, बदलते. कळत असेल तर बदलायचा नाही.

तुझीच,
जाड भिंग