इंजिन चालू असताना दिलेला होकार

अण्णा, तुमचा तो लांब पेचकस अजून माझ्याकडे आहे. लाकडी मुठीवर तुमच्या दातांचे व्रण आहेत आणि त्यांच्या शेजारी आता माझेही उमटले आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. आपल्यात बोलायचीच मारामार, तिथे पत्र कुठलं! पण परवाच्या शनिवारपासून एक प्रश्न डोक्यात बसलाय आणि तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारण्यात काही अर्थ नाही. म्हणून लिहायला बसलो. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधलं हे आमचं घर, बाहेर असह्य उकाडा. एसी फार आवाज करतोय, माणूस बोलावून घ्या, असं तुमची सून दोन आठवडे सांगतेय. मला आवाज येत नाही, म्हणून मी बोलावलेला नाही.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये माझं वर्कशॉप आहे, हे तुम्हाला माहीत होतं. बघायला मात्र तुम्ही कधी आला नाहीत. गेल्या हिवाळ्यात तिथे एक अरबी गिऱ्हाईक आला. माझ्याच वयाचा, पांढरीशुभ्र कंदुरा, इथला तो पायघोळ झगा, घातलेला, आणि त्या कपड्यांत सरळ पिटाजवळ येऊन उकिडवा बसला. त्याला हॉट रॉड बांधायची होती. म्हणजे काय, तर जुन्या पिकअपचं टप कापून ती बुटकी करायची, मडगार्ड उतरवायचे, बॉनेट काढून टाकायचं आणि आतलं इंजिन उघडं मिरवत रस्त्यावर फिरायचं. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, चांगल्या गाडीची वाट लावली. मलाही तसंच वाटतं. पण असल्या गाडीत सगळे आठ सिलिंडरचं इंजिन घालतात आणि याला हवं होतं जुनं सहा सिलिंडरचं, एका रांगेतलं, आपल्याकडे ट्रकातून उतरून यायचं तसलं. मी कारण विचारलं.

"हबीबी, आठ सिलिंडर तो सब के पास है," तो म्हणाला. "मेरा बाबा का पिकअप में यही छह था. शाम को वो आता, तो हम बच्चा लोग घर के अंदर से आवाज पहचानता. मेरे को वो आवाज मांगता. निकलेगा?"

मी "इन्शाल्ला" म्हणालो. इथे या एका शब्दावर पुष्कळ धंदा चालतो. पण आतून चरकलो होतो, कारण महिनाभर आधीच अल बर्शातल्या एका दवाखान्यात मला काचेच्या खोलीत बसवून कानांना हेडफोन लावले होते. आवाज आला की बटण दाबा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी शहाण्या मुलासारखा बटणावर अंगठा ठेवून बसून राहिलो. बराच वेळ गेला तेव्हा वाटलं, यंत्र बिघडलं असावं. बाहेर आलो तर बाई म्हणाल्या, डावा कान जवळजवळ संपलाय, उजवा अर्ध्यावर आहे. कामाच्या आवाजानं झालंय, परत येणार नाही. घरी मी काहीच सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो. आणि इंजिन बांधणाऱ्याला ऐकू येत नाही हे बाजारात कळलं, तर खलास.

आपलं कोल्हापूरचं वर्कशॉप आठवतंय. तुम्ही इंजिन बांधत असलात की आम्ही कोणी बोलायचं नाही, असा नियमच होता. तो कोणी घातला हे मला कधी कळलं नाही. तुम्ही घातला, असं आई म्हणायची. इंजिन गरम झालं, टॅपेट लावायची, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट जुळवायची, वेळ आली, की तुम्ही पेचकसाचं टोक ब्लॉकला टेकवायचात आणि मूठ दातांत धरायचात. डोळे मिटलेले. पहिल्या सिलिंडरपासून सहाव्यापर्यंत टोक सरकत जायचं आणि तुम्ही मान हलवत राहायचात, जसं काही कोणीतरी तुम्हाला घरातल्या कटकटी सांगतंय आणि तुम्ही हं, हं करताय. बाकीचे मिस्त्री पेचकस कानाला लावायचे. तुम्ही दातांत धरायचात. मला वाटायचं, ही तुमची ऐट. मित्रांना मी फुशारकीनं सांगायचो की आमचे अण्णा इंजिन चावून बघतात.

एकदा मी सहा सिलिंडरचं लांबलचक हेड बसवलं आणि बोल्ट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीनं आवळत गेलो. हेड मध्यापासून बाहेरच्या बाजूला, दोन्ही अंगांना सारखं आवळत जायचं असतं, नाहीतर ते उचलतं. मला ते ठाऊक होतं, पण सिनेमाला जायची घाई होती. तुम्ही पाहिलंत, मला हातानं बाजूला सारलंत आणि सगळे बोल्ट सोडवून पुन्हा आवळलेत. मी मागे उभा राहून विचारत होतो, "अण्णा, माझं चुकलं, मी करू का?" दोनदा विचारलं, तिसऱ्यांदाही. तुम्ही वळून पाहिलं नाहीत. त्या दिवशी शिव्या घातल्या असत्यात तर बरं वाटलं असतं. सिनेमाला गेलोच नाही. घरी येऊन आईला म्हणालो, त्यांच्या लेखी मी नाहीच. आई पिठलं ढवळत होती. म्हणाली, "आसं नाही रं, त्यांचं ध्यान कामात असतंय." तिला माहीत होतं का हो? तिला विचारायलाही आता उशीर झाला.

तर ते इंजिन मी बांधायला घेतलं. ब्लॉक शारजाच्या भंगारात मिळाला. त्याचं पाण्याचं जॅकेट उघडलं तर आतून वाळूच निघाली. सिलिंडर आतून कातून बोअरिंग केलं, नवे पिस्टन घातले, एका रांगेत तीन कार्बोरेटर बसवले. क्रँकचा दांडा तयार झाला तेव्हा तो कोपऱ्यात उभा केला, कारण लांब क्रँक आडवा ठेवला की स्वतःच्याच वजनानं वाकतो असं तुम्ही सांगितलेलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालायचात, तेही आठवलं. माझी मुलगी एकदा वर्कशॉपवर आली, तर त्या उभ्या क्रँककडे बघून म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक समवन इज स्टँडिंग देअर." ती चांगली शिकली, नोकरीला लागली. मराठी समजते तिला, बोलते मात्र इंग्रजीत. पूर्वी मला ते खटकायचं. आता इंग्रजी काय नि मराठी काय, ओठ बघूनच समजून घ्यावं लागतं, आणि तिचे ओठ फार भरभर हलतात. "बाबा, आर यू ईव्हन लिसनिंग?" एवढं एक वाक्य तेवढं मला लांबूनही ओळखता येतं.

शनिवारी इंजिन स्टँडवर चढवून पहिल्यांदा सुरू केलं. गिऱ्हाईक सकाळपासून येऊन बसला होता. मुलगीही आली होती, मुद्दाम बघायला. स्टार्टर मारला आणि पायाखालची फरशी थरथरली, तेव्हा कळलं की लागलं. कानांत नुसती घरघर येत होती, दूर कुठेतरी पाणी पडत असावं तशी. इंजिन गरम होऊ दिलं, वरचं झाकण काढलं, फट मोजायची फीलर गेजची पट्टी घेऊन टॅपेट लावायला लागलो आणि थांबलो. ऐकू येत नसताना टॅपेट कसे लावायचे? गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होता, तोंडाकडेच, मी हसेन म्हणून. तेव्हा काही न सुचून मी तुमचा पेचकस काढला. टोक ब्लॉकला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. त्या वेळेपर्यंत मी तो कधी दातांत धरला नव्हता, शिसारी यायची.

अण्णा, इंजिन माझ्या जबड्यात आलं. एक, दोन, तीन सिलिंडर स्वच्छ. चौथ्याला दाढेत बारीक टोचणी. पट्टी घातली, टॅपेट लावला, पुन्हा मूठ चावली, टोचणी गेलेली. पाच, सहा. डोळे आपोआप मिटले होते. मान हलत होती. आणि तशा अवस्थेत मला एकदम तुम्ही दिसलात, आणि कळलं की ती ऐट नव्हती. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. बोलायचं नाही हा नियम, तीनदा हाक मारूनही न वळणं, सगळ्याचं तेवढंच कारण होतं. जन्मभर मी ज्याला तुमचा राग समजत आलो, तो राग नव्हताच. मला तिथेच रडू फुटलं आणि पेचकस तोंडातून काढायची सोय नव्हती.

नेमक्या तेव्हा मुलगी जवळ आली. माझ्या दंडाला धरून काहीतरी सांगायला लागली. बराच वेळ बोलली. तिचेही डोळे भरले होते, मला वाटलं मला बघून भरले असतील. मधे थांबून तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, काहीतरी विचारल्यासारखं. मी मान हलवली. तिनं मला मिठी मारली, तेलाबिलाची पर्वा न करता, आणि बाजूला होताना ओठ हलले ते मात्र नीट वाचता आले. "थँक यू, बाबा." पलीकडे गिऱ्हाईक छातीवर हात ठेवून उभा होता. इंजिन बंद केल्यावर माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं म्हणाला, "उस्ताद, मेरा बाबा आ गया." त्याचा बाप आला. तो आवाज कसा होता, ते मी त्याला विचारू शकलो नाही.

आता माझा प्रश्न. बावीस वर्षांचा असताना असाच एका चालू इंजिनाशेजारी उभा राहून मी तुम्हाला विचारलं होतं, "अण्णा, दुबईचं काम मिळतंय, जाऊ का?" मुद्दाम तशी वेळ साधली होती, तुम्ही कामात असताना, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागणार नाही. तुमच्या दातांत पेचकस होता. तुम्ही मान हलवलीत. त्या होकारावर मी पासपोर्ट काढला, कागद केले. व्हिसा आला तेव्हा आई म्हणाली, त्यांना आजच कळतंय म्हणे. तुम्ही जेवता जेवता थांबलात, माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "ठरलंय न्हवं? मग झालं." मला वाटलं, परवानगी देऊन आता फिरताय. वर्षानुवर्षं त्याचा राग धरून होतो मी. तुम्ही माझ्या बॅगेला दोरी स्वतः बांधून दिलीत, गाठ तीनदा ओढून बघितलीत आणि वर हा पेचकस दिलात. मला पान्यांचा नवा सेट हवा होता. पुढे आईनं कळवलं की अण्णा आता इंजिन बांधत नाहीत, नुसतं बोअरिंग करतात. दुसरा पेचकस तुम्हाला कुठेही मिळाला असता, हे मलाही कळतं. तरी तुम्ही इंजिन बांधायचं सोडलंत.

तुम्ही ऐकलं होतं का, अण्णा? की नुसतीच मान हलली होती, चौथ्या सिलिंडरसाठी? आणि ऐकलं नव्हतं, तर त्या रात्री ताटावर तसं सांगितलं का नाहीत? "मला ऐकू आलं नव्हतं, जाऊ नकोस," इतकंच म्हणायचं होतं. मी थांबलो असतो. कदाचित कुरकुरलो असतो, पण थांबलो असतो.

हे पत्र कुठे टाकणार, टाकायला पत्ताच नाही. पेचकसाच्या कापडात गुंडाळून ठेवीन. पण जाता जाता एक सांगतो. मुलीनं मला शनिवारी काय विचारलं ते मला माहीत नाही. मी तिला अजून विचारलेलं नाही. काल तुमची सून चपात्या लाटता लाटता माझ्याकडे वळली आणि मला ओठ दिसतील अशी हळू म्हणाली, "तुम्ही खरंच हो म्हणालात तिला?" मी हं केलं. तिनं पुन्हा पाठ फिरवली आणि लाटत राहिली, खांदे हलत होते. एवढी आनंदात मी मुलीला बऱ्याच दिवसांत पाहिलेली नाही. आता मला ऐकू आलं नव्हतं म्हणालो, तर तिला वाटेल मी फिरलो. आज सकाळी मुलीनं कपाटावरची मोठी बॅग खाली उतरवली. वर धुळीचा थर होता. मी ओला फडका आणून तिच्या हातात दिला.