‘उडत्या बगळ्या’चा शिल्पकार

१२ ऑक्टोबर २००९
अखेर इतिहासाला जाग आली! आमच्या ट्रॅक्टर-दुरुस्ती कारखान्याने १९७० साली राष्ट्रीय दिनाच्या परेडसाठी हाताने पत्रा ठोकून तीन मोटारी बनवल्या होत्या. नाव ‘उडता बगळा’. दोन भंगारात वितळल्या. तिसरी आता एका खेड्यातल्या धान्याच्या कोठारात सापडली. आत कोंबड्या राहत होत्या. गावचं संग्रहालय ती नीट करून मांडणार. शेजारी पाटी, पाटीवर गाडी बनवणाऱ्यांची नावं. माझं पहिलं असायला हवं. स्टोअर माझ्या ताब्यात होतं. मी पत्रा दिला नसता तर बगळा उडाला असता का?
संकल्प : सिगारेट बंद. फोटो निघणार, दात पिवळे नकोत.

१३ ऑक्टोबर, सकाळी
संग्रहालयाच्या राओबाईंना फोन. गाडीची मूळ कल्पना माझी, असं सांगितलं. खोटं नाही. पुढून जरा बेडकासारखी करा, असं मी आमचे मुख्य कारागीर गाओ उस्ताद यांना जेवणाच्या रांगेत म्हणालो होतो. त्यांनी केली नाही, तो भाग वेगळा. बाई म्हणाल्या, आजोबा, पुरावा आणा.
शुफेनला, म्हणजे बायकोला, सांगितलं. म्हणाली, म्हाताऱ्या, इतिहास राहू दे, आधी हिवाळ्याच्या कोबीला जागा कर.
सिगारेट एकच. टेन्शनमुळे.

१९ ऑक्टोबर
पुरावा शोधला. एक बिल्ला आणि एक फाटका मफलर निघाला. मग गाओ उस्तादांकडे गेलो. वय ८८, ऐकायला कमी. म्हटलं, उस्ताद, माझं नाव सुचवा. ते ओरडले, काय रे फेई, पत्रा आला का? बिचारे. अगदीच भ्रमिष्ट झालेत.

२४ ऑक्टोबर
हिवाळ्याचा कोबी आला. दोनशे गड्डे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हटलं, मला भाषण लिहायचंय. शुफेन म्हणाली, चढता-उतरता मनात लिही, पाठही होईल. पाठ झालं नाही, पाठ धरली.
भाषणात आमचं प्रेमही घालणार. ती तेव्हा पत्रा ठोकणाऱ्या तुकडीत होती. माझ्या स्टोअरच्या खिडकीशी सलग वीस दिवस आली, नंतरही येत राहिली. पोरगी पार वेडी झाली होती माझ्यामागे.

३१ ऑक्टोबर
राओबाईंचा फोन! गाडीच्या दाराचं अस्तर काढल्यावर आत लाल रंगात कामगारांची नावं निघाली. साहेबांना दिसणार नाही अशा जागी सगळेच लिहीत. घाबरत विचारलं, माझं आहे का? बाई हसल्या. म्हणाल्या, आजोबा, तुमच्याबद्दल तर अख्खं वाक्य आहे. पाटीवर जसंच्या तसं घेतोय.
अख्खं वाक्य! बाकीच्यांची नुसती नावं. नवा सूट शिवायला टाकला. शुफेनला सांगितलं, तर तिच्या हातातला गड्डा खाली पडला. आनंदच तसा आहे.

७ नोव्हेंबर
उद्या उद्घाटन. सगळी बिल्डिंग बोलावली आहे. शुफेन म्हणते, जाऊ नकोस, बर्फ पडेल, तुझी कंबर आधीच दुखतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढी काळजी. मोठ्या माणसाची बायको होणं सोपं नसतं.

८ नोव्हेंबर, दुपारी
पाटीवर सात नावं. तिसरं, तान शुफेन. त्याखाली : ‘स्टोअरच्या फेईने पत्रा वीस दिवस अडवून ठेवला. नाहीतर बगळा परेडच्या आधी तयार झाला असता.’
बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. गाओ उस्ताद खुर्चीतून ओरडले, आला का पत्रा? भाषण खिशातच राहिलं.
गाडीच्या दारातलं लाल अक्षर ओळखीचं वाटलं. किराण्याच्या यादीत रोज बघतो.
परत येताना शुफेनला विचारलं, तू वीस दिवस पत्र्यासाठी येत होतीस? म्हणाली, मग काय तुझं तोंड बघायला? म्हटलं, पत्रा मिळाल्यावर एकविसाव्या दिवशीही आलीस, ते का? म्हणाली, पत्रा जोडायला रिवेट हवे होते. तू म्हणालास संपलेत. आणखी आठ दिवस खेपा घातल्या मेल्या!
सिगारेट तीन.
पत्रा पहिल्या दिवसापासून होता. रिवेटच्याही दोन पेट्या भरलेल्या होत्या. हे राओबाईंना सांगायचं नाही. शुफेनला तर मुळीच नाही.