तीन ळ

३ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. ओट्यावर वही ठेवून गाण्याच्या प्रती काढतोय.

गावच्या गायनमंडळाला पन्नास वर्षं झाली. मी यंदाच मंडळात आलो, तरी इतिहास लिहायचा आणि माझ्यासकट बत्तीस जणांसाठी गाणं उतरवायचं, ही दोन्ही कामं बाईंनी मला दिलीत. बाई पोस्टातून निवृत्त झाल्यात. बावीस वर्षं मंडळ त्याच चालवतात. माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखनात एकही गुण कधी गेला नाही!

जुन्या वहीत पहिलीच ओळ अशुद्ध — ‘झाली सकाल, उजलला माल’. इतक्या वर्षांत कुणालाच दिसलं नाही? दुरुस्त केलं. बत्तीस प्रती, प्रत्येकीत तीन ळ.

७ नोव्हेंबर

तालीम. मंडळ काढलं ते शिंपी मास्तरांनी. आता वय चौऱ्याऐंशी, तरी मागच्या बाकावर बसून गातात. आज सगळ्यांनी माझ्या कागदात बघून खणखणीत ‘सकाळ’ म्हटलं. मास्तरांचा ‘सकाल’ एकटाच उघडा पडला. ते थांबले. गळ्यातली टेप काढून गुंडाळली, खिशात घातली आणि गेले.

बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. “अरे दीडशहाण्या, मास्तरांना ळ म्हणता येत नाही! पहिल्याच कार्यक्रमात लोक ओरडले होते — मास्तर, माल केवढ्याला दिला? पुढच्या वर्षी आम्ही सगळ्यांनीच ल म्हटला. आता हसा कुणाला हसताय ते!” वहीतली ओळ बाईंनीच तशी लिहिली होती. मुद्दाम.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

८ नोव्हेंबर

ब्लेडने शहाण्णव ळ खरवडले. जागी ल लिहिले.

बाई म्हणाल्या, “आता तर आंधळ्यालाही दिसेल!” खरंय. प्रत्येक ल भोवती खरवडल्याचा डाग. आगीतून फुफाट्यात.

१० नोव्हेंबर

माफी मागायला मास्तरांच्या दुकानात गेलो. तोंडातून निघालं — “सदऱ्याचं माप द्यायचंय.” त्यांनी निमूट माप घेतलं. मग दार लोटून म्हणाले, “ते अक्षर म्हणताना जीभ कुठे ठेवतोस, दाखव. आणि बाईला कलता कामा नये. घे शपथ.”

घेतली.

१८ नोव्हेंबर

रोज जातो. जीभ वळते, पण माळाचा माड होतो. मास्तरच हसतात, “मालावर झाड उगवलं!” काल मात्र आला. स्वच्छ. ‘माळ.’ मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि पुन्हा म्हटलं.

संध्याकाळी तालमीत बाईंनी बजावलं — “कार्यक्रमात मास्तर आपल्यात उभे राहणार आहेत. एकजात ल! कुणी शहाणपणा करायचा नाही.” माझ्याकडे बघून म्हणाल्या. सांगायला हवं होतं. शपथ होती म्हणून गप्प बसलो, असं लिहिणार होतो. शपथेमुळे नाही. भीतीमुळे.

२३ नोव्हेंबर

काल कार्यक्रम झाला. मास्तरांनी तिन्ही बरोबर म्हटले. पुन्हा एकटेच पडले.

ल — तीस. ळ — एक. तोंड मिटून उभा — एक.