पाटलाची सून

बपेरा, १९८२

रेवताबाई,

तू आता जिथं आहेस तिथं टपाल जात नाही. पण तुले सांगतल्याशिवाय मले राहावत नाही.

मागल्या साली सरकारी दवाखान्यात तू सांगत होती, "डोकं फुटून राहिलं, डोळ्यांपुढं अंधार येऊन राहिला." नर्स म्हणाली, "या मासोळीवाल्या ढिवरांच्या बायांचं नाटकच लय." कोणी तपासलं नाही. तू गेली, पोटातलं लेकरूही गेलं.

औंदा मी पोटुशी, माझंही तसंच डोकं दुखाले लागलं. मी त्याच दवाखान्यात खोटं बोलली. "करडी गावच्या पाटलाची सून आहो," म्हणलं. बाई, लगेच पलंग देला, डॉक्टर धावत आले. बीपी चढली होती. पोट कापून पोरगी काढली. आम्ही दोघी वाचलो.

दुसऱ्या दिवशी माय आली. लुगड्याले मासोळीचा वास. नर्सनं विचारलं, "ही कोण?" मी भिंतीकडं तोंड फिरवलं. मायच म्हणाली, "मी यायच्या घरी भांडे घासतो." तिले दाराच्या आत येऊ देलं नाही. नात रडून राहिली होती, माय दुरून पाहून राहिली होती.

घरी आल्यावर आज परत डोकं ठणकून राहिलं. माय म्हणते, "पाटलाचीच सून होऊन जाय. मी फाटकाबाहेर बसतो."

बैलाची बंडी दारात उभी आहे. पोरगी मी मायच्या मांडीवर देली. आज तिथं सांगीन, ही माझी माय आहे, आम्ही ढिवर आहो, माझं डोकं फुटून राहिलं. पोटातून ओरडून सांगीन.

नाही ऐकलं, त मी तुझ्याकडंच येऊन राहिली.

तुझी लहानी बहीण,
सखा